समुद्राकाठच्या डोंगरांतून सायकलवर निघताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लांबच्या फेरीसाठी आमच्याकडे भाड्यानं सायकल घ्यायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "दिवसाला किती किलोमीटर होतील?" सपाट मुलखात हा प्रश्न ठीक आहे. समुद्राला खेटून उभ्या असलेल्या, जंगलानं झाकलेल्या डोंगरांत मात्र तो फसवतो. तिथं आधी विचारायला हवं ते हे, की दिवसभरात एकूण चढ किती मीटर आहे? हे उत्तर चुकलं की दिवसाचं सगळं वेळापत्रक कोलमडतं आणि ज्या जुन्या वास्तू पाहायला म्हणून निघालो, नेमक्या त्याच राहून जातात.

आमचंही एकदा असंच झालं. सुरुवातीच्या एका फेरीत आम्ही नकाशावर बोट फिरवून ९० किलोमीटरचा दिवस ठरवला. रस्ता किनाऱ्याचा, वाटेतली सर्वांत उंच जागा जेमतेम १५० मीटर. चार वाजेपर्यंत जुन्या पाणचक्कीवर पोहोचू, असा हिशोब होता. पोहोचलो तेव्हा काळोख पडला होता आणि चक्कीचं दार बंद होतं. फटीतून बॅटरीचा झोत आत टाकला, तेव्हा दळणाच्या दगडाची अर्धी कड आणि लाकडी दंडावरची धूळ एवढंच दिसलं. दुसऱ्या दिवशी मागे फिरायला सवड नव्हती. ती हुरहुर अजून आहे, आणि हे पत्रक लिहिण्यामागचं ते एक कारण आहे.

चूक कुठं झाली, ते नंतर नकाशा नीट पाहिल्यावर कळलं. डोंगरातून समुद्राकडे येणारा प्रत्येक ओढा स्वतःची दरी खोदत येतो. किनाऱ्याचा रस्ता प्रत्येक ओढ्याशी पुलापर्यंत खाली उतरतो आणि डोंगराची पुढची सोंड ओलांडायला पुन्हा वर चढतो. अशा आठ दऱ्या आणि दर खेपेला १२० मीटरचा चढ धरला, तर बेरीज ९६० मीटर होते. म्हणजे १५० मीटरच्या वर एकदाही न जाता तुम्ही हजारभर मीटर चढलेले असता. एकच मोठा घाट चढणं त्यापेक्षा सोपं वाटतं, कारण तिथं पाय एका लयीत राहतात. इथं दर उतारावर अंग गार होतं आणि लगेच पुढच्या चढाला पुन्हा सुरुवात करावी लागते.

म्हणून आम्ही साधा आडाखा वापरतो. सामानासह सपाटीवर ताशी १५ किलोमीटर धरायचे आणि दर ४०० मीटर चढासाठी वरून एक तास जोडायचा. ६० किलोमीटर आणि १,००० मीटर चढ असलेला दिवस म्हणजे चार तास अधिक अडीच तास, असे साडेसहा तास नुसते पॅडल मारण्याचे. खाणं, पाणी, फोटो, पंक्चर आणि वास्तू पाहणं यांचा वेळ त्यावर वेगळा. नवख्या माणसाला आम्ही पहिल्या दोन दिवसांत ६०० मीटरच्या वर चढ घेऊ देत नाही. कुणी आग्रह धरला तरी आमचं मत बदलत नाही.

गिअरबद्दल थोडं सविस्तर

चढावर काय घडतं ते आकड्यांत पाहिलं की गिअरचं महत्त्व पटतं. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरू. ८ टक्क्यांचा चढ, म्हणजे १०० मीटर अंतरात ८ मीटर उंची. या चढावर ताशी ७ किलोमीटरने जायला साधारण १६० वॅट लागतात. ताशी ९ किलोमीटरने जायचं तर २१० वॅटच्या आसपास. वेगातला फरक किरकोळ दिसतो, पण पहिली ताकद बरेच जण तासभर लावू शकतात आणि दुसरी लावताना बहुतेकांना दहा-पंधरा मिनिटांत धाप लागते.

म्हणून ताशी ७ किलोमीटरनेही पाय मोकळे फिरतील असा हलका गिअर सायकलला असायलाच हवा. आमच्या टूरिंग सायकलींना पुढे २६ दात्यांची लहान चकती आणि मागे ३४ दात्यांची मोठी चकती आहे. या जोडीवर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.६५ मीटर पुढे सरकते, आणि मिनिटाला ७० फेरे मारले की ताशी ७ किलोमीटर मिळतात. जड गिअरवर उभं राहून रेटत गेलात तर दुसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात.

हलका गिअर टाकायला काही जणांना संकोच वाटतो. हा संकोच जुना आहे. एकेकाळी शर्यतींच्या दुनियेत गिअर बदलणं कमीपणाचं मानलं जाई. टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या मोठ्या सायकलशर्यतीत, चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवून गिअर बदलणाऱ्या डिरेलरला सरसकट परवानगी मिळायला १९३७ साल उजाडावं लागलं. त्याच्या कितीतरी आधी पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हे फ्रेंच गृहस्थ डोंगरांतल्या भटकंतीसाठी अनेक गिअरांचा कळकळीनं पुरस्कार करत होते. भटकणाऱ्यांच्या गरजा त्यांना शर्यतवाल्यांपेक्षा चांगल्या कळल्या होत्या. चढ दिसला की तो सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका. चेनवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला की ती कुरकुरते, कधी उतरते, आणि भर चढावर सायकल थांबते.

धुकं, झाडं आणि वारा

या डोंगरांत जंगल दाट असण्याचं कारण आणि तुम्ही भिजण्याचं कारण एकच आहे. समुद्रावरून येणारी दमट हवा डोंगराला अडून वर चढते, गार होते आणि पाणी सोडते. सरासरीनं दर १,००० मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. किनाऱ्यावर घाम पुसत निघालेला माणूस खिंडीत थांबला की पाच मिनिटांत कुडकुडायला लागतो. वाऱ्याचं जाकीट पिशवीच्या तळाशी ठेवू नका, हाताशी ठेवा. ते खिंडीत पोहोचल्यावर, उतार लागण्यापूर्वी चढवायचं असतं. उतारावर थंडी वाजायला लागल्यावर घातलं तर तोवर बोटं बधीर झालेली असतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाहीत.

एक गोष्ट आम्ही प्रत्येकाला तोंडीही सांगतो. पाऊस नसतानाही जंगलातला रस्ता ओला असू शकतो. धुक्यातले बारीक थेंब पानांवर, सूचिपर्णी झाडांच्या सुयांवर गोळा होतात आणि टपटप खाली पडतात. मोकळ्यावर रस्ता कोरडा खडखडीत आणि पुढच्या वळणावर झाडांची कमान आली की खाली काळपट, चकचकीत पट्टा. त्यावर कुजलेली पानं आणि शेवाळ असतं. तिथं सायकल वाकवू नका आणि पुढचा ब्रेक एकदम आवळू नका. उन्हातून सावलीत शिरताना डोळ्यांनाही सरावायला क्षणभर लागतो, आणि मागून येणाऱ्या गाडीवाल्याचंही तसंच होतं. म्हणून जंगलात दिवसाही मागचा लाल दिवा चालू ठेवा.

वाऱ्याचा उपयोग करून घेता येतो. स्वच्छ हवेच्या दिवशी जमीन तापली की दुपारकडे समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटतो, सकाळी तो नसतो किंवा मंद असतो. तेव्हा उघड्या किनाऱ्याचा टप्पा सकाळी उरका आणि आतल्या खोऱ्यात शिरणारा रस्ता दुपारसाठी ठेवा, म्हणजे वारा पाठीशी राहील.

उतार

चढताना साठवलेली सगळी ऊर्जा उतरताना कुठंतरी जावी लागते. १०० किलोचं ओझं ५०० मीटर खाली येतं तेव्हा सुमारे ४९० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. साधं दीड लिटर पाणी उकळीला आणायला तेवढी पुरते. सायकल सोडलेली असेल तर यातला मोठा वाटा हवा घेते. भीतीपोटी ब्रेक सतत हलके दाबून धरले, तर जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकमध्ये साठते. रिम ब्रेकच्या सायकलीत रिम, म्हणजे चाकाची धातूची कड, तापून ट्यूब फुटू शकते, डिस्क ब्रेकचे पॅड चकाकी धरतात आणि पकड सुटते. म्हणून सरळ टप्प्यावर ब्रेक सोडा. वळण येण्याआधी, सायकल सरळ असतानाच दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवा आणि पुन्हा सोडा. लांब उतारावर मध्ये एकदा थांबा. ओल्या रस्त्यावर ब्रेकमधून खरखर ऐकू आली तर पॅडमध्ये वाळूचे कण अडकलेले आहेत. पाणी ओतून, कापडानं पुसून मगच पुढे निघा, नाहीतर ते कण रिमला चरे पाडतात.

वाटेवरच्या जुन्या वास्तू

मोटारीतून जाणाऱ्याला पूल म्हणजे खिडकीतून सरकलेले कठडे. सायकलवाल्याला तोच पूल उतरून, खालच्या काठावरून पाहता येतो. आमची विनंती आहे की दिवसाच्या आखणीत अशा थांब्याला किमान पाऊण तास द्या.

छप्पर असलेले लाकडी पूल काही डोंगराळ भागांत अजून उभे आहेत. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात असे सुमारे ५० पूल आहेत. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न गावातला चॅपल ब्रिज चौदाव्या शतकातला आहे. १९९३च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला आणि तो पुन्हा बांधला गेला. पुलावरचं छप्पर माणसांपेक्षा लाकडासाठी असतं. भार पेलणाऱ्या तिरक्या तुळया उघड्यावर पडल्या तर काही वर्षांत कुजतात, कोरड्या राहिल्या तर शतकभर टिकतात. आत शिरलात की वर पाहा. तुळयांच्या सांध्यांत लाकडी खुंट्या दिसतात, आणि काही पुलांत सुतारांनी जोडणीसाठी कोरलेल्या खुणाही. पाहायचं ते सायकलवरून उतरूनच. फळ्या रस्त्याच्या दिशेनं लांब बसवलेल्या असतील तर दोन फळ्यांमधली फट टायर गिळते, आणि ओलं जुनं लाकूड साबणासारखं निसरडं असतं.

दगडी कमानीच्या पुलांत दगडांच्या सांध्यांमध्ये बऱ्याचदा चुना भरलेला असतो. तो सिमेंटपेक्षा मऊ असतो आणि दगडांच्या बारीक हालचाली सहन करतो. त्याच मऊपणामुळे तो खरवडलाही जातो. पॅनिअर, म्हणजे चाकाच्या बाजूंना अडकवायच्या पिशव्या, लावलेली जड सायकल कठड्याला टेकवू नका. स्टँडवर लावा किंवा गवतावर आडवी ठेवा.

पाणचक्की पाहायला मिळाली तर दगडाजवळ बसून त्यावरच्या चऱ्या नीट पाहा. मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या या खाचा टाकीनं, म्हणजे दगड घडवायच्या छिन्नीनं, घडवलेल्या असतात. मधल्या भोकातून पडलेलं धान्य कातरत कातरत कडेकडे सरकतं आणि पीठ होऊन बाहेर पडतं. वरचा आणि खालचा दगड एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये केसाएवढी फट राखावी लागते. खाचा झिजल्या की चक्की थांबवून पुन्हा टाकी लावायची. त्या दिवशी आम्हांला बॅटरीच्या उजेडात जी अर्धी कड दिसली, तिच्यावर या खाचा होत्या. पुढे एका फेरीत भर उन्हात तिथं गेलो आणि बोट फिरवून पाहिलं. काही धारा अजून हाताला लागतात.

दीपगृह बहुधा भूशिराच्या अगदी टोकाला असतं. शेवटचा टप्पा उघडा, वारा समोरून आणि चढ आखूड पण उभा. तेवढं सोसलंत आणि वर सोडत असतील, तर भिंगासमोर उभे राहा. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ऑग्युस्तँ फ्रेनेल यांनी जाडजूड भिंगाऐवजी काचेच्या कड्यांची रचना योजली, आणि १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआन दीपगृहात ती बसवली गेली. कमी काचेत, कमी वजनात प्रकाश दूरवर जाऊ लागला.

बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकलवाट केलेली असेल तर ती आवर्जून घ्या. आगगाडीला तीव्र चढ जमत नसल्यामुळे हे मार्ग क्वचितच दोन-तीन टक्क्यांपलीकडे चढतात. थकलेल्या पायांसाठी हा सर्वांत चांगला दिवस. बोगद्यांसाठी पुढचा दिवा चांगला भक्कम हवा.

रोजची देखभाल आणि सायकल परत करणं

समुद्राच्या हवेतलं मीठ चेन आणि स्क्रूंवर बसतं. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं हलकेच धुवा, जोराचा फवारा मारू नका, नाहीतर बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. पुसून कोरडी करा आणि चेनला तेल देऊन जादाचं तेल फडक्यानं टिपून घ्या. पॅनिअरमध्ये जड वस्तू तळाशी ठेवा आणि डावं-उजवं वजन सारखं ठेवा. दाट झाडीत फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्या आणि दिवसाचा मार्ग कागदावरही लिहून ठेवा.

सायकल न्यायच्या आदल्या दिवशी तुमचे नेहमीचे बूट आणि भरलेलं सामान घेऊन या. सीटची उंची आम्ही त्यावर बसवतो आणि मग तुम्हांला जवळच्या चढावर एक फेरी मारायला लावतो. परत करताना मात्र सायकल धुऊन आणू नका. पॅडची झीज, टायरमधले खडे आणि चेनवरची माती पाहून तुमचा रस्ता कसा होता ते आम्हांला कळतं, आणि तुमच्या मागून त्याच वाटेनं जाणाऱ्याची सायकल आम्ही त्याप्रमाणे तयार करतो.