पोटातले कॅन्सर: एक छत्री, दहा अवयव आणि पैशाची वाट

‘पोटाचा कॅन्सर आहे’ असं कोणी सांगितलं की ऐकणाऱ्याला आजार कळतो, अवयव कळत नाही. मराठीत पोट म्हणजे छातीखालचं जवळजवळ सगळंच. पोट दुखतं, पोट साफ होत नाही, पोटात पाणी होतं, पोटात कावळे ओरडतात आणि पोटातच गाठ निघते. ती गाठ जठरात आहे, यकृतात आहे की मोठ्या आतड्यात, हे घरच्यांना कित्येकदा संमतीपत्रावर सही करताना समजतं. डॉक्टर ‘पोट’ म्हणत नाहीत, ते जठर म्हणतात. निधी गोळा करणाऱ्यांच्या पत्रकांवर तिसराच शब्द असतो: पचनसंस्थेचे किंवा जठरांत्रीय कॅन्सर. हा तिसरा शब्द नेमकं कोणाला आत घेतो आणि आत घेतलेल्यांपैकी कोणाच्या ताटात काय पडतं, यावरचा वाद कळला नाही तर या विषयातल्या पैशाचा इतिहास कळत नाही.

या तिसऱ्या शब्दाच्या छत्रीखाली अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं, गुदाशय, गुदद्वार येतात आणि अन्न ज्यांच्यातून जात नाही ते यकृत, पित्ताशय, पित्तनलिका, स्वादुपिंडही येतात. २०२० सालच्या जागतिक अंदाजात यांतल्या पाच मोठ्या गटांचे मिळून सुमारे ५० लाख नवे रुग्ण आणि सुमारे ३५ लाख मृत्यू होते. त्या वर्षीच्या सगळ्या कॅन्सर रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा इथला, मृत्यूंपैकी मात्र तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. छत्रीच्या बाजूने बोलणारे हा आकडा पुढे करतात, आणि तो खोटा नाही. पण त्याच तक्त्यात जरा खाली पाहिलं तर मोठं आतडं आणि गुदाशय मिळून १९.३ लाख नवे रुग्ण आणि ९.३५ लाख मृत्यू दिसतात, स्वादुपिंडाचे ४.९६ लाख नवे रुग्ण आणि ४.६६ लाख मृत्यू. पहिल्या गटात निम्म्याहून अधिक माणसं वाचतील अशी आशा धरता येते. दुसऱ्या गटात आलेली आणि गेलेली माणसं जवळजवळ सारखीच. या दोघांना एका बॅनरखाली चालवायचं म्हणजे काय करायचं, हा खरा प्रश्न.

सुरुवातीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तेव्हा अवयवावार पैसा नव्हताच. व्हिएन्नात १८८१ साली कॅन्सर झालेल्या जठराचा भाग काढण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन झालं. रुग्ण बाई काही महिन्यांनी त्याच आजाराने गेली. ब्रिटनमध्ये १९०२ साली आणि पुन्हा १९२३ साली कॅन्सर संशोधनासाठी लोकवर्गणीचे मोठे निधी उभे राहिले, ते दोन्ही २००२ साली एक झाले. अमेरिकेत १९१३ साली काही डॉक्टर आणि काही सामान्य नागरिकांनी मिळून जनजागृतीची संस्था काढली. तिचं पहिलं काम पैसा नव्हे, ‘कॅन्सर’ हा शब्द चारचौघांत उच्चारता येईल असं करणं, हे होतं. शौच आणि गुदद्वार हे शब्द उच्चारता यायला आणखी सात-आठ दशकं लागली.

या मधल्या काळात एक गोष्ट घडली जी मोहिमांच्या इतिहासात कोणी लिहीत नाही, कारण तिचं श्रेय कोणत्याच मोहिमेला घेता येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत जठराचा कॅन्सर पुरुषांच्या कॅन्सर मृत्यूंमध्ये वरच्या क्रमांकावर होता. पुढे तो दर दशकाला उतरत गेला. शीतकपाट आलं, खारवलेलं आणि धुरवलेलं अन्न कमी झालं, ताजी फळंभाज्या वर्षभर मिळू लागल्या, जठरातल्या एका जिवाणूचा संसर्ग लहान मुलांत घटला. त्या जिवाणूचं नावही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. पर्थमधल्या दोन डॉक्टरांनी १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढवला, त्यांतल्या एकाने १९८४ साली तो स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं, १९९४ साली तो कॅन्सरकारकांच्या पहिल्या, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्यांच्या, वर्गात गेला आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. ना छातीवर लावायची जागृतीची फीत, ना पदयात्रा.

जपानने वेगळी वाट धरली. तिथे जठराचा कॅन्सर उतरायची वाट न पाहता १९६० च्या दशकात क्ष-किरण यंत्र बसवलेल्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या, बेरियम पाजून फोटो काढू लागल्या. पैसा देणग्यांचा नव्हता, सार्वजनिक यंत्रणेचा होता. त्यामुळे जागृती आणि निधी यांची जी सांगड इंग्रजी बोलणाऱ्या देशांत पडली, ती तिथे त्या रूपात पडली नाही. पुढची हकिगत मुख्यतः त्या इंग्रजी जगाची आहे, कारण फिती, महिने आणि पदयात्रा तिथून निघाल्या.

१९८५ हे साल दोन कारणांनी लक्षात ठेवावं. मे महिन्यात वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा इथे एका सर्जनने मैदानाच्या ट्रॅकवर २४ तास चालत-पळत फेऱ्या घातल्या आणि २७,००० डॉलर जमवले. तो मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा सर्जन होता. यातून निघालेला रात्रभर चालण्याचा उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला. मात्र पैसा गेला ‘कॅन्सर’ या एका मोठ्या पेटीत. ज्या अवयवाची ऑपरेशनं तो माणूस रोज करत होता, त्या अवयवासाठी वेगळी पेटी नव्हती. जुलैमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली गेली आणि वर्तमानपत्रांनी आतड्याच्या आकृत्या पहिल्या पानावर छापल्या. फोनवरून चौकशा वाढल्या, तपासण्या वाढल्या, काही महिन्यांत सगळं पुन्हा होतं तिथे आलं.

मधे पुरावा हवा होता, तो आला १९९३ साली. मिनेसोटात ४६,००० हून अधिक लोकांवर वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासात दरवर्षी विष्ठेतलं न दिसणारं रक्त तपासलं, तर आतड्याच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात असं दिसलं. १९९६ साली इंग्लंड आणि डेन्मार्कमधल्या अभ्यासांनी, वर्षाआड तपासणीत, याच दिशेचा पण लहान फरक दाखवला. आतड्यातले मोड, म्हणजे पॉलिप, दुर्बिणीतूनच कापता येतात हे १९६९ पासून माहीत होतं. मोहिमेला लागतं ते सगळं आता एका अवयवाच्या हाती आलं: करता येण्याजोगी तपासणी, कॅन्सर होण्याआधी काढता येणारा मोड आणि बरे होऊन व्यासपीठावर उभे राहणारे रुग्ण.

मग २००० साल. पती १९९८ मध्ये ४२ व्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेलेल्या एका अमेरिकन वृत्तनिवेदिकेने सकाळच्या कार्यक्रमात स्वतःची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने होणारी तपासणी, देशाला दाखवली. त्याच वर्षी तिथे मार्च हा आतड्याच्या कॅन्सरचा महिना जाहीर झाला. तिच्या प्रक्षेपणानंतर कोलोनोस्कोपींचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढलं आणि ती वाढ निदान नऊ महिने टिकली, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदलं गेलं. राष्ट्राध्यक्षांच्या आजाराला जे जमलं नव्हतं ते इथे जमलं. माझ्या मते कारण साधं आहे: राष्ट्राध्यक्षांनी बातमी दिली, तिने कृती दाखवली. नंतर रांगत आत शिरता येईल असं प्रचंड आतडंही गावोगाव फिरू लागलं. लाज विनोदात विरघळवायची ही युक्ती चालली. तिच्यावर नाकं मुरडणाऱ्यांनी दुसरी सुचवलेली नाही.

इथेच छत्रीचा वाद सुरू होतो. ‘पचनसंस्थेचे कॅन्सर’ हा गट मुळात रुग्णांचा नव्हे, डॉक्टरांच्या विभागणीचा. एकच विभाग अन्ननलिका ते गुदद्वार पाहतो, एकाच परिषदेत सगळ्यांवर निबंध वाचले जातात, औषधंही बरीचशी त्याच कुळातली. निधी उभारणाऱ्यांनी ही चौकट उचलली ती सोयीसाठी. दुर्मिळ अवयवाच्या नावावर स्वतंत्र कार्यक्रम उभा राहत नाही, रुग्णसंख्या नाही, वाचलेले तर त्याहून कमी. छत्रीखाली त्यांना निदान उभं राहायला जागा मिळते. शिवाय प्रयोगशाळेत एका अवयवाचं शहाणपण दुसऱ्याला लागू पडतं. हा युक्तिवाद मला अर्धा पटतो.

न पटणारा अर्धा ‘जागृती’ या शब्दात अडकला आहे. आतड्याच्या बाबतीत जागृती म्हणजे ‘जा, तपासून घ्या’. स्वादुपिंडाच्या बाबतीत कुठे जायचं? सर्वसामान्य माणसाने ठरावीक वयात करून घ्यावी अशी तपासणी तिथे नाही. लक्षणं दिसतात तेव्हा बहुतेकांची ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असते. म्हणजे तिथल्या जागृतीचा अर्थ एकच: ‘पैसे द्या, म्हणजे तपासणी शोधता येईल’. एकाच पत्रकावर, एकाच घोषणेखाली ही दोन आवाहनं छापली की वाचणाऱ्याला पहिलं कळतं आणि दुसरं हरवतं. छत्री आतड्याच्या यशावर उघडते आणि स्वादुपिंडासारख्या वरच्या अवयवांचं दुःख दाखवून पैसे मागते, असा आरोप म्हणूनच होतो. आरोप कडवट आहे, निराधार नाही.

या अस्वस्थतेतून वेगळं होण्याचे प्रयत्न झाले. स्वादुपिंडाने जांभळी फीत आणि नोव्हेंबर घेतला, आतड्याने निळी, यकृताने हिरवी. आतड्याचा महिना अमेरिकेत मार्च, ब्रिटनमध्ये एप्रिल, ऑस्ट्रेलियात जून. एकच आजार तीन वेळा जागा होतो. पण महिना घेतल्याने पैसा येतोच असं नाही. अमेरिकेत २०१३ च्या जानेवारीत सही झालेला एक कायदा ‘हट्टी’ कॅन्सरांसाठी संशोधनाचा आराखडा मागतो. अट अशी: पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांखाली आणि देशात वर्षाला किमान ३०,००० मृत्यू. स्वादुपिंड बसलं. अन्ननलिका टक्केवारीत बसत होती, मृत्यूंच्या आकड्यात नाही. छत्रीतली दुसरी भांडणं विसरून ज्यांनी एकत्र पाठपुरावा केला असता, त्यांना या अटीने वेगळं केलं. आणि कायद्याने आराखडा मागितला. त्यासाठी नवा पैसा बाजूला काढला नाही.

ब्रिटनमध्ये २०१४ च्या सुरुवातीला स्वादुपिंडाच्या रुग्णांच्या छायाचित्रांसह एक जाहिरात आली. ‘मला स्तनाचा कॅन्सर झाला असता तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं वाक्य रुग्णाच्या तोंडी होतं. दुसऱ्या फलकांवर दुसरे अवयव होते. स्तनाच्या कॅन्सरने मरणाऱ्या बायकांच्या घरच्यांना काय वाटलं असेल ते सांगायला नको, टीकाही तितकीच झाली. काढणाऱ्यांचं म्हणणं होतं की पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास असताना सभ्य जाहिरात परवडत नाही. फलकावरच्या रुग्णांपैकी २४ वर्षांची एक मुलगी मोहीम चालू असतानाच गेली. मला ते वाक्य आजही चुकीचं वाटतं, पण त्यामागचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही: पदयात्रेला चालायला माणसं जिवंत असावी लागतात. स्तनाच्या कॅन्सरच्या चळवळीचं बळ वाचलेल्या बायकांत होतं, आतड्याच्या चळवळीचंही तसंच. स्वादुपिंडासाठी चालतात ते विधुर, विधवा आणि मुलं.

गेल्या काही वर्षांत पारडं पुन्हा आतड्याकडे झुकलं आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये एक हॉलिवूड अभिनेता ४३ व्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेला आणि पन्नाशीच्या आतल्यांमध्ये हा आजार वाढतो आहे ही डॉक्टरांना आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट सगळ्यांना कळली. २०२१ साली अमेरिकेत तपासणी सुरू करण्याचं शिफारस केलेलं वय ५० वरून ४५ वर आलं. २०२२ साली ब्रिटनमधल्या एका रुग्ण स्त्रीने घरी अखेरची शुश्रूषा चालू असताना निधी उघडला. काही आठवड्यांत त्यात ६५ लाख पौंडांहून अधिक जमले. ती जूनमध्ये ४० व्या वर्षी गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या ८४,००० हून अधिक लोकांच्या चाचणीचे निकाल आले. ज्यांना कोलोनोस्कोपीचं निमंत्रण गेलं त्यांच्यात दहा वर्षांत आजार १८ टक्के कमी दिसला, मृत्यूंतला फरक मात्र ठामपणे सांगण्याइतका नव्हता. निमंत्रितांपैकी तपासणीला आले ४२ टक्के. जागृतीवाल्यांनी या ४२ वर बोट ठेवलं, शंका घेणाऱ्यांनी मृत्यूंच्या ओळीवर.

वरच्या अवयवांपैकी पित्ताशयाचं काय, हे कोणी फारसं विचारत नाही. तो कॅन्सर चिली आणि उत्तर भारत अशा मोजक्या पट्ट्यांत जास्त दिसतो, बायकांत अधिक, आणि मोठा निधी जिथे उभा राहतो त्या देशांत कमी. फेब्रुवारी महिना आणि हिरवी फीत त्याला पित्तनलिकेसोबत वाटून घ्यावी लागते, आणि पित्तनलिकेला तरी स्वतःचा एक दिवस आहे, फेब्रुवारीतला तिसरा गुरुवार.