मांजरांचे लसीकरण, नव्या मांजराच्या आगमनापूर्वीचे

घरात आधीपासून मांजर असताना दुसरे आणायचे ठरल्यास, जुन्या-नव्या सर्व मांजरांना त्यांची प्रत्यक्ष गाठ पडण्याआधी सांसर्गिक रोगांवरील लसी देण्याची पशुवैद्यकीय पद्धत. लस नव्याने येणाऱ्या मांजरालाच टोचायची असते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात घरातले जुने मांजरही तितक्याच धोक्यात असू शकते. ते कधी बाहेर जात नाही म्हणून त्याच्या वर्धक (बूस्टर) मात्रा वर्षानुवर्षे राहून गेलेल्या असतात, आणि निवारा केंद्रातून किंवा रस्त्यावरून आलेले मांजर वरवर ठणठणीत दिसत असले, तरी गर्दीत लागलेला संसर्ग अंगात बाळगून असू शकते.

सर्व मांजरांना द्यावयाच्या मूलभूत लसी तीन विषाणूंविरुद्ध असतात : पॅनल्युकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी. या तिन्ही बहुधा एकाच इंजेक्शनातून देतात. जेथे रेबीजचा प्रादुर्भाव आहे किंवा कायद्याने सक्ती आहे, तेथे रेबीजची लसही आवश्यक ठरते. ती साधारणतः १२ आठवड्यांच्या वयापासून देतात.

पॅनल्युकोपेनियाचा विषाणू पार्व्हो कुळातला असून तो अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर यांतील वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. त्यामुळे रक्तातील श्वेतपेशी घटतात, उलट्या व जुलाब होतात आणि लस न घेतलेली पिल्ले मोठ्या प्रमाणावर दगावतात. हा विषाणू खोलीच्या तापमानाला वर्षभरही तग धरू शकतो, नेहमीच्या बऱ्याच जंतुनाशकांना दाद देत नाही, आणि माणसाच्या पादत्राणांवरून वा कपड्यांवरूनही घरात येतो. घरगुती ब्लीच ३२ पट पातळ करून वापरल्यास मात्र तो नष्ट होतो. ज्या घरात या रोगाने मांजर दगावले आहे, तेथे साफसफाई कितीही काटेकोर झाली असली, तरी लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू आणू नये. या रोगावरील लस अतिशय प्रभावी आहे.

हर्पीस आणि कॅलिसी यांच्याबाबत तसे म्हणता येत नाही. या दोन विषाणूंमुळे शिंका, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण अशी लक्षणे होतात. लस त्यांची तीव्रता कमी करते. संसर्ग किंवा वाहकावस्था (लक्षणे नसतानाही विषाणू पसरवत राहणे) पूर्णपणे रोखत नाही. एकदा हर्पीस झालेले मांजर बरे झाल्यावरही विषाणू त्याच्या चेतापेशींमध्ये सुप्त राहतो आणि ताण आल्यास पुन्हा सक्रिय होतो. घर बदलणे हाच मांजराच्या दृष्टीने मोठा ताण असल्याने, आल्यानंतर सुमारे आठवड्याभराने विषाणू बाहेर पडू लागतो आणि पुढे एक ते दोन आठवडे पडत राहतो. पहिले चारपाच दिवस सुरळीत गेले म्हणून नव्या मांजराला वेगळे ठेवलेल्या खोलीचे दार उघडणारे नेमके याच वेळी फसतात.

मांजरांतील ल्युकेमियाचा विषाणू १९६४ मध्ये ग्लासगो येथे विल्यम जॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. तो प्रामुख्याने लाळेतून, म्हणजे एकमेकांना चाटण्यातून व सामाईक भांड्यांतून पसरतो. आधीच बाधित असलेल्या मांजराला ल्युकेमियाच्या लसीचा उपयोग नसल्यामुळे प्रथम रक्ततपासणी करतात. संसर्ग अगदी अलीकडचा असल्यास ती नकारार्थी येऊ शकते, म्हणून किमान ३० दिवसांनी पुन्हा करतात. रोगप्रतिकारशक्ती क्षीण करणारा एफआयव्ही हा विषाणू मुख्यतः चाव्यातून पसरतो. त्याची लस बहुतेक देशांत मिळत नाही, त्यामुळे तेथे तपासणीवरच भिस्त असते.

पिल्लांना पहिली मात्रा ६ ते ८ आठवड्यांच्या वयात आणि त्यानंतर दर २ ते ४ आठवड्यांनी, वय १६ आठवडे किंवा त्याहून अधिक होईपर्यंत देतात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लसीला निष्प्रभ करतात आणि ती नेमकी कधी ओसरतील हे पिल्लागणिक बदलते. म्हणूनच शेवटची मात्रा १६ आठवड्यांआधी उरकणे घातक ठरू शकते. पुढील मात्रा ६ महिने ते १ वर्ष या वयात दिली जाते. पूर्वेतिहास अज्ञात असलेल्या प्रौढ मांजराला २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा देतात.

लस आधीच शरीरात शिरलेला संसर्ग काढून टाकत नाही, आणि तिचा परिणाम दिसायलाही काही दिवस लागतात. पॅनल्युकोपेनियाचा परिपाककाल (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) साधारणतः १० दिवसांपर्यंत असल्याने नव्या मांजराला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, स्वतंत्र भांडी आणि लिटर ट्रे देऊन ठेवतात. देखभाल आधी जुन्या मांजराची, मग नव्याची करावी आणि नंतर हात धुवावेत. पिसवा, जंत व गजकर्ण यांवर या लसींचा काहीच परिणाम होत नसल्याने त्यांची तपासणीही याच काळात उरकतात.

गाभण मांजरीला आणि ४ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लांना पॅनल्युकोपेनियाची सजीव (क्षीण केलेल्या जिवंत विषाणूची) लस देत नाहीत, कारण तिच्यामुळे गर्भाच्या वा पिल्लाच्या लहान मेंदूची वाढ खुंटू शकते. लसीनंतर एखादा दिवस सुस्ती व हलका ताप येणे सामान्य आहे. टोचलेल्या जागी मांसार्बुद (कर्करोगाची गाठ) क्वचितच होते. तरीही शस्त्रक्रिया सोपी जावी म्हणून लस पायाच्या खालच्या भागात टोचण्याची शिफारस केली जाते. तेथील गाठ तीन महिन्यांनंतरही टिकली, २ सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिनाभरानंतरही वाढत राहिली, तर तिचा तुकडा काढून तपासावा लागतो.