बॅटमॅन मन लावून काम करतोय का?

परीक्षा संपल्या की आमच्याकडे नांदेड-लातूरपासून संभाजीनगरपर्यंत व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांचं पेव फुटतं. यंदा त्यात एक नवी भर पडलीय. मुलांना सुपरहिरोचे कपडे घाला, कॉस्प्ले (आवडत्या पात्राचा वेश घेऊन ते पात्र वठवणं) करायला लावा, आठवड्याभरात न्यूनगंड गायब, असं सांगणारी एक रील सध्या पालकांच्या ग्रुपवर फिरतेय. लाल केप पांघरलेले एक गृहस्थ ठासून सांगतात, 'संशोधनानं सिद्ध झालंय.' कुठलं संशोधन, ते मात्र सांगत नाहीत. मी सांगतो. ते माझ्या फार आवडीचं आहे, आणि त्यात या गृहस्थांच्या सोयीचं फारसं काही नाही.

सुरुवात पांढऱ्या कोटापासून करू. 2012 साली हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या दोन संशोधकांनी अमेरिकेत काही विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत घालतात तसा पांढरा कोट घालायला दिला आणि एक चाचणी घेतली. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला असतो. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. करून पाहा, जीभ अडखळतेच. कोट घातलेल्यांच्या चुका साध्या कपड्यातल्यांच्या जवळपास निम्म्या निघाल्या. पुढच्या प्रयोगात तोच कोट काहींना डॉक्टरचा म्हणून दिला, तर काहींना चित्रकाराचा म्हणून. दोन चित्रांतले बारीक फरक शोधण्यात 'डॉक्टर' पुढे राहिले. कापड तेच, शिलाई तीच, फक्त सांगितलेला अर्थ निराळा.

ही बातमी लातूरच्या एखाद्या क्लासचालकाच्या कानी गेली असती, तर दुसऱ्या दिवशी हजार कोट शिवायला पडले असते. पण 2019 मध्ये दुसऱ्या एका गटानं आपली पद्धत आधीच जाहीर करून पहिला प्रयोग जसाच्या तसा केला, तेव्हा कोटाचा काहीही परिणाम दिसला नाही. मग 2023 मध्ये मूळ संशोधकांनीच एका सहकाऱ्यासह या विषयावरच्या 40 अभ्यासांची एकत्र छाननी केली. कपड्यांचा परिणाम असतो असं त्यातून दिसतं, पण एका कोटानं डोकं तल्लख होतं, असं काही त्यातून निघत नाही. शिवाय नीटच्या परीक्षेला लांब बाह्यांचा शर्टसुद्धा चालत नाही, तिथं कोट घेऊन काय करणार? आणि राशीला लाभणाऱ्या रंगाचा टी-शर्ट घालून केंद्रावर पाठवलेल्या लेकरांबद्दल तर काय बोलावं! शनीला भौतिकशास्त्राचा पेपर सोपा करता येत असता, तर एवढे क्लास कशाला चालले असते?

आता माझ्या आवडीचा भाग. रेचल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 4 आणि 6 वर्षांच्या 180 मुलांवर केलेला प्रयोग. मुलाला संगणकावर एक संथ, रटाळ काम दिलं. एक चित्र आलं की बटण दाबायचं, दुसरं आलं की दाबायचं नाही. दहा मिनिटं हेच. शेजारी एका टॅबलेटवर मस्त गेम सुरू. कंटाळा आला तर खुशाल तिकडे जा, अशी मोकळीक. मुलांचे तीन गट केले होते. पहिल्या गटानं मधूनमधून स्वतःला विचारायचं, 'मी मन लावून काम करतोय का?' दुसऱ्यानं स्वतःचं नाव घेऊन विचारायचं. तिसऱ्या गटातल्या मुलांनी आधी एक पात्र निवडायचं (बॅटमॅन, रपुन्झेल, बॉब द बिल्डर किंवा डोरा), त्याची केप वगैरे काहीतरी अंगावर घालायचं आणि विचारायचं, 'बॅटमॅन मन लावून काम करतोय का?'

सगळ्यात जास्त वेळ बॅटमॅन मंडळी कामावर टिकली. त्यांच्याखालोखाल स्वतःचं नाव घेणारी. 'मी'वाली सगळ्यात आधी गेमकडे पळाली.

हा मधला गट नीट लक्षात घ्या. त्यांच्या अंगावर केप नव्हती, डोक्यावर मुखवटा नव्हता. फक्त 'मी' काढून तिथं स्वतःचं नाव घातलं, तेवढ्यानं फरक पडला. म्हणजे कामाची गोष्ट कापडात नाही, 'मी'पासून लांब सरकण्यात आहे. बॅटमॅन आणखी लांब, म्हणून परिणाम आणखी मोठा. मानसशास्त्रात याला स्व-अंतर म्हणतात. व्हाइट यांच्याच आधीच्या एका अभ्यासात हे 5 वर्षांच्या मुलांना साधलं, 3 वर्षांच्यांना नाही. दुसऱ्याच्या नजरेतून पाहणं तीन वर्षांच्या लेकराला पुरतं जमत नाही. जिथं उभं राहून मागं वळून बघायचं ती जागाच अजून त्याच्याकडे नसते.

मोठ्यांचंही तेच. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये लोकांना पाच मिनिटांच्या तयारीवर परीक्षकांसमोर भाषण करायला उभं केलं. तयारी करताना मनातल्या मनात स्वतःशी 'मी' म्हणून बोलणाऱ्यांपेक्षा स्वतःला नावानं हाक मारणाऱ्यांची भाषणं परीक्षकांना सरस वाटली, आणि भाषण झाल्यावर ते 'आपण काय बोललो' हे कमी उगाळत बसले.

मेंदूत यावेळी काय घडतं? इथं जरा दमानं घ्या. डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून एखादं भयंकर चित्र दाखवलं, की साधारण 300 ते 400 मिलिसेकंदांनंतर डोक्याच्या मध्य-मागच्या भागावर धन विद्युत दाबाची एक लहर उठते आणि बराच वेळ टिकते. तिचं नाव लेट पॉझिटिव्ह पोटेन्शियल. चित्र जितकं भावना ढवळणारं, तितकी लहर उंच. जेसन मोझर यांच्या गटानं 2017 मध्ये लोकांना अशी चित्रं पाहताना एकदा 'मला काय वाटतंय' आणि एकदा स्वतःचं नाव घेऊन 'अमुकला काय वाटतंय' असं विचारायला लावलं. नाव घेतलं की ही लहर पहिल्या सेकंदाच्या आतच खाली येत होती. आणि खरी मजा पुढं आहे. भावना दाबायला मेंदू जोर लावतो तेव्हा स्टिम्युलस प्रिसीडिंग निगेटिव्हिटी नावाची एक ऋण लहर वाढायला हवी. ती वाढलीच नाही. एफएमआरआयमध्येही (मेंदूचा कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारं स्कॅनिंग) स्वतःविषयीच्या विचारात गुंतणारा मध्यवर्ती प्रीफ्रंटल भाग शांत झाला, पण नियंत्रण करणाऱ्या जाळ्यावर जादा ताण आला नाही. भीतीशी कुस्ती न खेळताच भीती कमी झाली होती.

लहरींचा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर एवढं धरून ठेवा: सोंगानं आत्मविश्वासाचं खत पडत नाही, खुरपणी होते. 'मी कसा दिसतोय, लोक काय म्हणतील' हे तण निघतं आणि आहे ते पीक वर येतं.

हे तण किती फुकाचं असतं, तेही मोजून झालंय. टॉमस गिलोव्हिच यांनी 2000 साली छापलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांनी पाहिलं असेल, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच ध्यानात आलं होतं.

आपल्याकडे हे अंतर जुन्या काळापासून वापरात आहे. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली, त्यांत बोलणारा कधी जोशी असतो, कधी वासुदेव, कधी भुत्या, कधी सासुरवाशीण. सोंगी भारुडात एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा गडी लुगडं नेसतो, कपाळाला आडवं कुंकू लावतो आणि सासऱ्यापासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करतो. समोर पाटील बसलेला असला तरी. तो खाकी घातलेला बहुरूपी बघा. दारात उभा राहून घरमालकाला वॉरंट वाचून दाखवतो, आणि त्याच माणसाला साध्या सदऱ्यात त्याच दारात उभं केलं तर चहा मागायलाही संकोचेल.

पण रीलवाले गृहस्थ एक गोष्ट सोयीनं विसरतात. 'मी' बाजूला झाला की त्याच्याबरोबर लाजही जाते आणि लगामही. 1976 मध्ये एड डीनर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमधल्या 27 घरांत हॅलोविनच्या रात्री (तिकडे या सणाला मुलं घरोघरी खाऊ मागत फिरतात) सोंगं घेऊन आलेल्या 1300हून जास्त मुलांवर लपून नजर ठेवली. खाऊची एकेकच गोळी घ्या, असं सांगून घरातली बाई आत जायची. ज्यांना नाव-गाव विचारलं नव्हतं आणि जी घोळक्यानं आली होती, त्यांनी सगळ्यात जास्त हात मारला. 1979 चा जॉन्सन आणि डाउनिंग यांचा प्रयोग त्याहून बोलका. वर्णद्वेषी कु क्लक्स क्लानच्या झग्यासारखा वेश घातलेल्यांनी समोरच्याला विजेचे जोरदार झटके देणं निवडलं (झटके खोटे होते, त्यांना ते ठाऊक नव्हतं). परिचारिकेच्या वेशातल्यांनी सौम्य. आणि ओळख झाकली तेव्हा परिचारिका आणखी सौम्य झाल्या. म्हणजे मोकळ्या झालेल्या जागेत सोंगाचा स्वभाव येऊन बसतो. कुणाचं सोंग, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

तरी मला कॉस्प्लेवाली पोरं आवडतात, पण ती वेश घालतात म्हणून नव्हे, तो बनवतात म्हणून. भारतात 2011 मध्ये दिल्लीत पहिलं कॉमिक कॉन भरलं, तेव्हापासून हे वेड वाढत आता संभाजीनगरच्या हॉस्टेलांपर्यंत आलंय. लहान मुलांसाठी जमिनीवर अंथरतात त्या रंगीत फोमच्या चटया आणायच्या, चिलखताचे भाग कागदावर काढून कटरनं कापायचे, हीट गननं (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) तापवून गुडघ्यावर दाबत वाक द्यायचा, भोकं बुजावीत म्हणून वर फेविकॉलचे हात मारायचे, मग रंग. झग्याचं कापड गुलमंडीच्या बाजारातलं. अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं होतं की 'हे मला जमेल' या भावनेचा सगळ्यात पक्का स्रोत म्हणजे स्वतःच्या हातानं काहीतरी जमवल्याचा अनुभव. दुसऱ्याचं पाहणं, शाबासकी मिळणं हे त्याच्यानंतर. भाड्यानं आणलेल्या ड्रेसमधून हा अनुभव मिळत नाही, शिबिराच्या फीमधून तर नाहीच.

जालन्याकडचा एक विद्यार्थी माझ्या ओळखीचा आहे. वर्गात तोंडी परीक्षेला घाम फुटणारा. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यानं चिलखत घालून प्रवेश केला, तलवार फिरवली, शिट्ट्या मिळाल्या, तेवढं बॅटमॅनच्या हिशेबात धरू. मग परीक्षकांनी हेल्मेट काढायला लावून विचारलं, खांद्याचा हा वाक कसा आणला? तिथं सोंग नव्हतं, केस घामानं चिकटलेले, एका खांद्याचा वेल्क्रो सुटून लोंबत होता. "सर, गन लई जवळ धरली की फोम करपतो. वीतभर लांबून फिरवत राहायचं, वर चमक आली की समजायचं तापला. मग लगेच वाकवायचा, गार झाला की ऐकत नाही," असं म्हणत त्यानं सुटलेला खांदा काढून परीक्षकांच्या टेबलावर उलटा ठेवला आणि आतली जोडणी दाखवायला घेतली. सूत्रसंचालकानं वेळ संपल्याचं दोनदा सांगितलं, तरी गडी थांबेना.