‘ओ-यू-जी-एच’ असलेले इंग्रजी शब्द

ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे याच क्रमाने सलग येतात असे इंग्रजी शब्द. स्पेलिंगमधला हा तुकडा सगळीकडे सारखाच दिसतो, पण उच्चार निदान आठ प्रकारे होतो. ‘थॉट’मध्ये तो ‘ऑ’ असतो, ‘थ्रू’मध्ये ‘ऊ’, ‘दो’ आणि ‘ऑल्दो’मध्ये ‘ओ’, तर नांगर या अर्थाच्या ‘प्लाउ’मध्ये आणि दुष्काळ या अर्थाच्या ‘ड्राउट’मध्ये ‘आउ’. ‘रफ’, ‘टफ’, ‘इनफ’मध्ये ‘अफ’ ऐकू येतो. खोकल्याचा ‘कॉफ’ आणि गुरांच्या गव्हाणीचा ‘ट्रॉफ’ यांत ‘ऑफ’ येतो. सखोल या अर्थाच्या शब्दाचा ‘थरो’ हा अमेरिकी उच्चार ब्रिटनमध्ये ‘थरा’ होतो. उचकीसाठीच्या शब्दाच्या एका स्पेलिंगमध्ये ही अक्षरे चक्क ‘अप’ अशी वाचतात. आयर्लंडमध्ये सरोवराला ‘लॉख’ म्हणतात, तेही याच चार अक्षरांनी लिहितात.

याला इंग्रजीचा वेडेपणा म्हणून सोडून देण्याची सवय आहे. प्रत्यक्षात या अक्षरांत एक हरवलेला आवाज जपलेला आहे. जुन्या इंग्रजीत घशातून घासत येणारा, आपल्या ‘ख’च्या जवळचा एक ध्वनी होता आणि तो नुसत्या ‘एच’ने लिहीत. 1066 मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतरच्या शतकांत लेखनिकांच्या हाताखाली त्या जागी हळूहळू ‘जी-एच’ ही जोडी रूढ झाली. म्हणजे आज मुके वाटणारे हे ‘जी-एच’ एके काळी स्पष्ट उच्चारले जात होते. जर्मनमध्ये तो आवाज अजून आहे: इंग्रजी ‘थ्रू’चा भाऊबंद तिथे ‘दुर्ख’ आहे. स्कॉटलंडच्या बोलीतही ‘थॉट’ला ‘थॉख्त’ म्हणतात.

पंधराव्या शतकापासून दक्षिण इंग्लंडमध्ये हा आवाज विरत गेला, पण सगळीकडे सारखा नाही. काही शब्दांत तो पुरता नाहीसा झाला, काहींत ओठांकडे सरकून ‘फ’ बनला. कोणत्या शब्दाच्या वाट्याला काय यावे, हे बोलीबोलींवर ठरले. भिजवलेल्या पिठाच्या गोळ्याला प्रमाण इंग्रजीत ‘डो’ म्हणतात. उत्तरेकडच्या बोलीत तोच शब्द ‘डफ’ झाला आणि ‘प्लम डफ’ या पुडिंगच्या नावात टिकला. एकाच शब्दाचे दोन्ही शेवट असे एका स्वयंपाकघरात भेटतात. शिवाय ‘थ्रू’, ‘रफ’, ‘डो’, ‘इनफ’ या शब्दांचे मूळ स्वर वेगवेगळे होते आणि याच शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वरही जागा बदलत होते. नेमक्या त्याच काळात, 1476 मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू थिजत गेले आणि उच्चार पुढे निघून गेला.

उचकीच्या शब्दाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो मुळात उचकीच्या आवाजावरूनच बनला. खोकल्याशी त्याचे नाते असावे अशा गैरसमजातून त्याला ही शेपटी जोडली गेली, उच्चार ‘हिकप’च राहिला. म्हणून ‘यू-पी’ने संपणारे साधे स्पेलिंगच बरे, आणि आज तेच जास्त चालते.

मराठी माध्यमाच्या मुलांना हा गट सर्वांत आधी भेटतो तो क्रियापदांच्या तीन रूपांत. ‘ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट’, ‘बाय-बॉट-बॉट’, ‘थिंक-थॉट-थॉट’ हे पाढ्यांसारखे म्हणून घेतले जाते. ‘सीक’चे ‘सॉट’ आणि ‘फाइट’चे ‘फॉट’ही याच ओळीतले. ‘थिंक’मधला अनुनासिक ‘थॉट’मध्ये कुठे गेला, हा मुलांचा प्रश्न अगदी रास्त आहे: त्या घशातल्या आवाजापूर्वी येणारा अनुनासिक फार प्राचीन काळीच गळून पडला आणि मागचा स्वर लांबला. ‘वर्क’चेही जुने भूतकाळी रूप ‘रॉट’ होते. ते आता ‘रॉट आयर्न’मध्ये उरले आहे, मराठीत आपण त्याला घडीव लोखंड म्हणतो आणि ‘घडीव’ हाच त्या शब्दाचा नेमका अर्थ आहे. ‘टीच’ आणि ‘कॅच’ यांची ‘टॉट’, ‘कॉट’ ही रूपे ऐकायला तशीच असली तरी त्यांत ‘ओ’ नसून ‘ए’ असतो. उत्तरपत्रिकेत गुण जातात ते बहुधा इथेच.

‘रफ वही’मुळे या गटातला एक शब्द मराठीच झाला आहे. ‘कफ सिरप’मध्ये मात्र एक योगायोग दडला आहे. आपला ‘कफ’ संस्कृतातून आलेला, त्याचा अर्थ खोकल्याबरोबर पडणारा बेडका. इंग्रजी शब्दाचा अर्थ खुद्द खोकला. दोघांचे काही नाते नाही, पण बाटलीवर ते इतके शेजारी बसतात की फरक कोणाच्या लक्षातही येत नाही.

स्थलनामांत तर या अक्षरांनी कमालच केली आहे. लेस्टरशायरमधल्या ‘लफबरा’ या गावाच्या नावात ती दोनदा येतात, एकदा ‘अफ’ आणि एकदा नुसता ‘अ’ म्हणून. लंडनच्या पश्चिमेच्या ‘स्लाउ’ शहराचे स्पेलिंग आणि सापाने कात टाकणे या अर्थाच्या ‘स्लफ’ क्रियापदाचे स्पेलिंग अक्षरशः एकच आहे.

सुधारणेचे प्रयत्न झाले. नांगराचे ‘डब्ल्यू’ने संपणारे सुटसुटीत स्पेलिंग अमेरिकेत रुजले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 1906 मध्ये 300 शब्दांची सोपी स्पेलिंगे सरकारी छपाईत वापरण्याचा आदेश दिला. ‘दो’ आणि ‘थ्रू’ त्या यादीत होते. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, विरोध केला आणि आदेश मागे घ्यावा लागला. ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने अशी स्पेलिंगे कित्येक वर्षे चालवली व 1975 मध्ये सोडून दिली. ‘थ्रू’चे चार अक्षरी रूप आता मुख्यतः रस्त्यावरच्या पाट्यांवर आणि ‘ड्राइव्ह-थ्रू’ खानावळींच्या फलकांवर दिसते.

देवनागरीत लिहिणाऱ्याला हे सारे परके वाटते, पण अगदीच परके नाही. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला ‘च’ आपण दोन तऱ्हांनी उच्चारतो आणि एकाच अक्षराने लिहितो. कुठे कोणता, हे मराठी मूल कानानेच शिकते. ‘टफ’ आणि ‘थ्रू’ही इंग्रज मुलाला तसेच शिकावे लागतात.