चित्राची कृती लिहून ठेवणारं इंकस्केप

दरवर्षी गणपतीच्या तोंडावर आमच्या गल्लीत एक संवाद हमखास होतो. मंडळाचा कार्यकर्ता व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं बोधचिन्ह घेऊन फ्लेक्सवाल्याकडे जातो आणि फ्लेक्सवाला मान हलवतो: "दादा, हे फाटेल. कोरलची फाइल नाही का?"

फाटेल म्हणजे काय, हे गणित मांडून बघू. 500 पिक्सेल रुंदीचं चित्र 10 फुटांवर ताणलं, तर एकेक पिक्सेल सुमारे 6 मिलिमीटरचा होतो, भिजलेल्या साबुदाण्याएवढा. पिक्सेलच्या चित्रात फक्त रंगीत दाणे मांडलेले असतात. कुठली रेघ कुठे वळली, हे त्याला माहीतच नसतं. व्हेक्टर चित्रात दाणे नसतात, त्यात कृती लिहिलेली असते: इथे पेन टेकव, तिथपर्यंत रेघ ओढ, आत शेंदरी रंग भर. ती कृती टपाल तिकिटावर करा किंवा दहा फुटी फ्लेक्सवर, कड तितकीच स्वच्छ येते.

अशी चित्रं काढण्यासाठी आपल्याकडच्या प्रेसमध्ये कोरलड्रॉ या प्रोग्रॅमचं राज्य आहे. पण मला गोष्ट सांगायचीय ती इंकस्केपची. फुकट मिळतं हे त्याचं एक कारण, पण खरं कारण वेगळं आहे. त्याच्या फाइलमधली कृती आपल्याला डोळ्यांनी वाचता येते.

इंकस्केपची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा. वर्तुळ काढलं असेल तर तिथे तसं लिहिलेलं सापडतं: वर्तुळ, मध्यबिंदू 50, 50, त्रिज्या 40, रंग अमुक. वेड्यावाकड्या आकारासाठी आकड्यांची लांब ओळ असते आणि मधूनमधून एकेक इंग्रजी अक्षर. एम म्हणजे पेन उचलून इथे ठेव, एल म्हणजे सरळ रेघ, सी म्हणजे वक्र, झेड म्हणजे जिथून निघालास तिथे येऊन आकार बंद कर. नोटपॅडमध्येच त्रिज्येचे 40 खोडून 20 केले, फाइल सेव्ह केली, की ब्राउझरमध्ये वर्तुळ निम्मं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी उगाचच पाच-सहा वेळा आकडे बदलत बसलो होतो.

या लिखाणाच्या पद्धतीचं नाव एसव्हीजी. वेबवर व्हेक्टर चित्रं कशी दाखवायची यासाठी 1998 मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापले प्रस्ताव पुढे केले होते. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्यातला एकही जसाच्या तसा न उचलता नवं मानक रचलं आणि 2001 मध्ये ते पक्कं झालं. ते कोणा एका कंपनीच्या मालकीचं नाही.

इंकस्केपची वंशावळ मात्र ते पक्कं होण्याआधीच सुरू होते. राफ लेव्हियन यांनी ग्नोम या मुक्त प्रकल्पासाठी 'गिल' नावाचा छोटा चित्रप्रोग्रॅम लिहिला होता. एस्टोनियाचे लाउरिस काप्लिन्स्की यांनी 1999 मध्ये तो पुढे नेऊन 'सोडिपोडी' केला. तिकडच्या लहान मुलांच्या बोलीत या शब्दाचा अर्थ सरमिसळ. पुढे प्रकल्प कुठे न्यायचा आणि बाहेरच्यांचं योगदान किती मोकळेपणाने घ्यायचं यावर मतभेद झाले. 2003 मध्ये टेड गूल्ड, ब्राइस हॅरिंग्टन, नेथन हर्स्ट आणि 'मेंटलगाय' या टोपणनावाने वावरणारा एक प्रोग्रॅमर अशा चौघांनी वेगळी चूल मांडली. तीच इंकस्केप. चूल वेगळी झाली तरी जुना कोड सोबत नेता आला, कारण तो जीपीएल परवान्याखाली, म्हणजे कोणीही घ्यावा, बदलावा आणि पुढे द्यावा अशा अटीवर, खुला होता. घरच्या वाटण्या इतक्या सोप्या असत्या तर कोर्टं ओस पडली असती.

त्यांनी कोड सी भाषेतून हळूहळू सी प्लस प्लसमध्ये आणला आणि एसव्हीजीचं मानक काटेकोर पाळायचं ठरवलं. घाई कुणालाच नव्हती. 0.48 या आवृत्तीनंतर थेट 0.91 आली ती 2015 च्या जानेवारीत आणि 1.0 उजाडायला मे 2020 यावा लागला. मानक काटेकोर पाळण्याची किंमतही मोजावी लागली. जुनं इंकस्केप एका इंचात 90 एकक धरत असे, वेबच्या नियमाप्रमाणे 96 हवेत. 2017 च्या 0.92 मध्ये ते 96 केले, आणि 10 सेंटिमीटरची जुनी आकृती 9.375 सेंटिमीटर होण्याची वेळ आली. पडद्यावर ते लक्षातही येत नाही, पण लेझर कटरवर लाकडाचे तुकडे कापणाऱ्याची खाच बसेनाशी होते. म्हणून जुनी फाइल उघडताना प्रोग्रॅम विचारू लागला, हिचं माप कसं धरू?

वक्र रेघेचं गणित मात्र मोटारींच्या कारखान्यातून आलं आहे. पत्र्याची वळणं नेमकी सांगायची कशी, हा तिथला प्रश्न. फ्रान्समध्ये सित्रोएनच्या पॉल द कास्तेल्जो यांनी 1959 च्या सुमारास उत्तर शोधलं, पण कंपनीने ते गुपित ठेवलं. रेनोच्या पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तेच गाठून प्रसिद्ध केलं आणि नाव त्यांचं लागलं.

कागद-पेन्सिल घेऊन हे करून बघता येतं. चार बिंदू काढा, ओळीने जोडा, तीन रेघा होतील. प्रत्येकीचा मध्य काढा. ते तीन मध्य जोडले की दोन रेघा. त्यांचे मध्य जोडले की एक, आणि त्या शेवटच्या रेघेचा मध्य बरोबर वक्रावर पडतो. मध्याऐवजी दर वेळी एक चतुर्थांशावर खूण केलीत तर वक्रावरचा दुसरा बिंदू मिळेल. इंकस्केपमध्ये नोडला, म्हणजे वक्राच्या टोकाच्या बिंदूला, दांडे फुटलेले दिसतात. दोन टोकांच्या नोडांतून या वक्राकडे निघालेल्या दांड्यांची टोकं म्हणजे या चौघांतले मधले बिंदू. वक्र त्यांच्याकडे ओढला जातो, पण सहसा त्यांना शिवत नाही.

बाकी हत्यारं पुष्कळ आहेत. मला सर्वांत आवडतं ते एका नक्षीच्या प्रती फरशीसारख्या पसरवणारं. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांनी अखंड पसरणाऱ्या नक्षीच्या सममितीचे 17 च प्रकार संभवतात, हे रशियाच्या फेदोरोव्ह यांनी 1891 मध्ये सिद्ध केलं होतं. इंकस्केपच्या त्या खिडकीत सतराच्या सतरा प्रकार यादीत मांडलेले आहेत. मूळ फुलाची एक पाकळी हलवली की सगळी फरशी हलते.

मराठी लिहिणाऱ्याला मात्र वेगळंच सुख आहे. प्रेसमधल्या जुन्या फॉन्टांत देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. म्हणून प्रेसवाले अक्षरांचे आधीच नुसते आकार करून घेतात, त्याला ते 'कर्व्ह करणं' म्हणतात. इंकस्केप युनिकोड वापरतं, त्यात देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक असतात. क, हलन्त आणि ष टाइप केले की त्याच्या पोटातलं हार्फबझ नावाचं यंत्र फॉन्टमधून 'क्ष' शोधून आणतं आणि ऱ्हस्व वेलांटी आपोआप व्यंजनाच्या अलीकडे नेऊन ठेवतं.

छपाईच्या बाबतीत इंकस्केप कच्चं आहे, हेही सांगायला हवं. त्याचं काम पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत चालतं, छपाईच्या चार शाईंचं त्याला फारसं सोयरसुतक नाही.

यंदा मंडळाचं ते बोधचिन्ह मी घरी ट्रेस केलं. पीटर सेलिंगर यांचा पोट्रेस नावाचा प्रोग्रॅम इंकस्केपमध्येच बसवलेला आहे. तो पिक्सेलच्या कडा चाचपत वक्र बसवतो. पण फोटोतल्या धुरकट डागांभोवतीही त्याने इमानेइतबारे वक्र बसवले आणि नोडांचा नुसता मुंगळ्यांचा घोळका झाला. अर्धी रात्र नोड पुसण्यात गेली. सोंड शेवटी सात नोडांत बसली.

सकाळी पीडीएफ घेऊन दुकानात गेलो. पोराने ती उघडली, झूम केली, अजून झूम केली. कड कुठेच फाटेना. मग त्याने वर बघितलं आणि विचारलं, "अक्षरं कर्व्ह केलीत ना?"

केली नव्हती.