सुरू होऊन लगेच बंद पडणारी गाडी: दोष बॅटरीचा नसतो

‘इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं म्हणजे बॅटरी उतरली’ हा समज काही जाता जात नाही. स्टार्टरने इंजिन जोमात फिरवलं आणि ते पेटलं, की बॅटरीचं मोठं काम संपलं. खात्री हवी तर मल्टिमीटर लावा: इंजिन बंद असताना साधारण १२.४ ते १२.६ व्होल्ट आले की बॅटरीचा नाद सोडा.

पेट्रोल गाडीत आधी पाहायचं ते हे, की ती बंद पडते कशी. दोनेक सेकंदांत पडते आणि डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतो? मग इमोबिलायझर (चोरी रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) चावी ओळखत नाहीये; दुसरी चावी वापरून बघा.

अॅक्सिलरेटर दाबून ठेवला की चालते, पाय काढला की मरते? मग आयडलिंगची, म्हणजे पाय न देता इंजिन चालू राहण्यासाठी लागणारी, हवा बहुधा अडली आहे किंवा कुठल्या चिरेतून जास्तीची शिरते आहे. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात) झडपेच्या कडेला काळा चिकट थर दिसेल. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर मारून तो पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नका, मोटरचे गिअर तुटतात. एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीकडे जाणारा रबरी पाइपही वाकवून बघा. घडीतली चीर एरवी दिसतच नाही.

अॅक्सिलरेटर देऊनही मरत असेल, तर पेट्रोलचा दाब फ्युएल प्रेशर गेजने मोजा. अंदाजाने पेट्रोलचा पंप बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.