दोन वेळचे मिश्र इन्सुलिन

सकाळच्या नाश्त्याआधी एक आणि रात्रीच्या जेवणाआधी एक, अशा दोन सुयांवर मधुमेह सांभाळण्याची पद्धत. बोलण्यात तिला ‘तीस-सत्तर’ म्हणतात, कारण नेहमीच्या मिश्रणात ३० टक्के इन्सुलिन लवकर काम करणारे आणि ७० टक्के संथ असते. २५-७५ आणि ५०-५० अशीही मिश्रणे मिळतात. जुन्या, मानवी प्रकारची सुई जेवणाआधी अर्धा तास घ्यावी लागते. नव्या प्रकारची घेऊन लगेच जेवता येते. दिवसाच्या मात्रेचा मोठा वाटा बहुधा सकाळी असतो. किती, हे डॉक्टरच ठरवतात.

सुया दोनच, म्हणून ही पद्धत सोपी वाटते. अडचण दुपारी येते. सकाळच्या सुईतला संथ भाग चार-पाच तासांनी जोर धरतो. म्हणजे दुपारच्या जेवणाचे इन्सुलिन सकाळीच टोचून झालेले असते. जेवण टळले तरी ते साखर खाली आणणारच. ही एक गोष्ट रुग्णाइतकीच घरच्यांनाही ठाऊक हवी. नागपुरातल्या लग्नात वरात रेंगाळली की पंगत तीनला बसते. सुई घेतलेल्या माणसाने तिची वाट पाहू नये, एकच्या सुमारास पोळी-भाजी खाऊन घ्यावी. त्यात यजमानाचा अपमान नाही. एकादशी धरायची असेल तर आधी डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घ्यावी. न सांगता केलेला उपवास आणि मनाने बंद केलेली सुई, दोन्ही घातक. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्यांना तर ही पद्धत जाचतेच. त्यांनी ‘जमत नाही’ असे डॉक्टरांना मोकळेपणी सांगावे. वेगळ्या पद्धती आहेत.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम फुटतो, हात कापतात, धडधडते, माणूस चिडचिडा किंवा बावचळल्यासारखा होतो. मे महिन्यात हीच लक्षणे ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून दिली जातात, आणि ही चूक फार महाग पडते. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर थांबू नये. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग जेवू घालावे. संत्रा बर्फी गोड असली तरी अशा वेळी कामाची नाही: तिच्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये राहते. गोठलेले फेकून द्यावे. वापरात असलेले ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते, पण नवतपात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बंद खोलीतही ३० अंश मिळत नाहीत. फ्रिज नसेल तर दोन मडक्यांचा उपाय चांगला: मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात छोटे मडके, त्यात बंद डबीत बाटली, वर ओले फडके. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हे नीट गार राहते. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरसारखाच त्याचाही गारवा कमी होतो. गाडीच्या डिक्कीत मात्र इन्सुलिन कधीही ठेवू नये.

संथ भाग तळाशी बसतो. म्हणून प्रत्येक वेळी बाटली किंवा पेन (इन्सुलिन टोचायचे पेनासारखे साधन) तळहातांत दहादा फिरवून, दहादा उलटसुलट करून द्रव एकसारखा दुधाळ झाला की मगच सुई घ्यावी. जोराने हलवू नये.

सर्वांत धोक्याची चूक सिरिंजची. भारतात बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची; पेनच्या काडतुसात १०० युनिट असतात. पेनमधले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतले तर अडीचपट मात्रा शरीरात जाते. पेन बिघडला म्हणून रात्री घरात कुणी असा जुगाड करू पाहत असेल तर त्याला थांबवावे.

साखरेच्या नोंदी वाचायची रीत सोपी आहे. सकाळी उपाशीपोटीचा आकडा मुख्यतः रात्रीच्या सुईबद्दल सांगतो, रात्रीच्या जेवणाआधीचा सकाळच्या सुईबद्दल. रात्रीच्या सुईचा जोर झोपेत, दोन-तीनच्या सुमारास येऊ शकतो. पहाटे घामाने भिजून जाग येत असेल तर त्या वेळची एखादी तपासणी वहीत असावी. आकडे बिनसले आणि कारण सापडेना, तर पोटावर हात फिरवून पाहावा: एकाच जागी टोचून गाठी झालेल्या असतात, त्यातून इन्सुलिन कधी शोषले जाते, कधी नाही. जागा बदलत राहावी. गाठ सोडून टोचू लागल्यावर मात्रा कमी लागू शकते, म्हणून त्या दिवसांत साखर जास्त वेळा पाहावी.